उलट न बोलणारी मुलगी

घोडपदेवच्या चाळीत घाडीगावकरांच्या दाराशी चप्पल उलटी पडलेली दिसली, की लक्ष्मी हातातलं काम टाकून आधी ती सुलटी करायची. उलट्या चपलेने घरात भांडणं होतात, असं तिच्या आईने तिला सांगितलं होतं. या घराला महागात पडलेलं भांडण एकदाच झालं, तेही घराबाहेर, आणि त्यात चपलेचा काही दोष नव्हता.

गुणाजी, तिचा नवरा, शिवडीच्या एका गोदामात होता. कंत्राटावर, पण बरीच वर्षं. एकदा सुपरवायझर सगळ्यांसमोर सांगत होता, हलकी खोकी खाली लावा, जड वर रचा. गुणाजी म्हणाला, "साहेब, तुमचं चुकतंय. खालची दबतील." खालची दबली. आणि गुणाजीचं कंत्राट संपलं ते पुन्हा झालं नाही. आता तो करी रोडच्या एका टॉवरच्या गेटवर असतो. गाड्यांचे नंबर उतरवतो, काच खाली झाली की सलाम करतो.

"मी उलट नव्हतो बोललो," तो अजून म्हणतो. "बरोबर बोललो होतो."

"बरोबर बोललात, म्हणानच ता उलट झाला," लक्ष्मी म्हणते. "चुकीचा बोलला असतात तर सायब हसलो असतो."

ती स्वतः परळच्या एका हॉस्पिटलात आया आहे. तिचं साधं गणित. डॉक्टरांनी उजव्या हाताला डावा म्हटलं, की तो डावा. नर्सने येऊन उजवा म्हटलं, की मग उजवा. "हात पेशंटाचो. माझा काय जाता?"

या दोघांची एकुलती एक मुलगी दर्शना. तिला जे काही सांगितलं गेलं, त्यात सगळ्यात जास्त वेळा सांगितलं गेलं ते हे, की उलट बोलाचा नाय. पाहुण्यांना नाही, शेजाऱ्यांना नाही, शाळेत तर नाहीच नाही. मुलगी तशी गरीब. खाली मान, हळू आवाज, वाढलं ते जेवणार. फक्त एखादी गोष्ट सांगितली, की तिच्या कपाळावर एक आठी उमटायची. ती आठी लक्ष्मीला पाठमोरीसुद्धा दिसायची.

"काय इचारतलस ता मनात इचार."

"मनात उत्तर येत नाही गं."

"मग ऱ्हवांदे."

लालबागच्या शाळेत विज्ञानाला तेंडोलकर सर होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आवाज असा की मागच्या बाकावरची झोप उडावी. आठवीत त्यांनी एक दिवस वर्गात गाईड उघडायला लावलं. त्यात चित्र होतं, सूर्य पश्चिमेला मावळतोय आणि वर चंद्राची कोर आहे. दर्शनाचा हात वर गेला.

"सर, चंद्र उलटा छापलाय."

"काय छापलंय?"

"चंद्र. उजेड सूर्याचा असतो ना? मग उजळलेली बाजू सूर्याकडे पाहिजे. इथे ती उलट्या बाजूला आहे."

सरांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, आणि म्हणाले, "चंद्र सुलटा आहे. तू उलटी आहेस. बस खाली."

वर्ग हसला. पुढे आठवडाभर मुली तिला चंद्री म्हणत होत्या.

पण त्याच दिवशी शाळा सुटल्यावर शिपाई निरोप घेऊन आला, लॅबमध्ये बोलावलंय. सरांनी बल्ब लावला होता आणि समोर रबरी चेंडू धरला होता. दोघांनी तो चेंडू या बाजूने बघितला, त्या बाजूने बघितला. शेवटी सर म्हणाले, "तुझं बरोबर आहे."

"मग उद्या वर्गात सांगाल?"

"वर्गात कशाला? गाईड छापलेलं आहे." त्यांनी बल्ब बंद केला. "हे बघ दर्शना. तुला काय विचारायचं ते इथे विचार. माझं डोकं खा, माझी चूक काढ, मी ऐकून घेईन. पण चार लोकांत नाही. चार लोकांत मुलीने असं तोंड वर करून बोललं, की तिला नावं ठेवतात. मला ते आवडणार नाही."

हे ते मनापासून म्हणाले होते. आणि शब्दाला जागले. दहावी होऊन ती ज्युनिअर कॉलेजला गेली, तरी संध्याकाळी शाळेच्या लॅबमध्ये यायची. तिथे दोघांची नुसती जुंपायची. ती म्हणायची, हे पुस्तकात लिहिलंय म्हणून मानायचं का. ते म्हणायचे, नाही, मी सांगतोय म्हणून मान. ती म्हणायची, मग तर मुळीच नाही. सर इतके हसायचे, की शिपाई दारातून डोकावायचा. तो डोकावला की दर्शना एकदम खाली मान घालून वहीत काहीतरी लिहायला लागायची.

त्या संस्थेचं नाव सरांनीच काढलं. दूर दक्षिणेतली, फक्त विज्ञान शिकवणारी, अभ्यासाला अतिशय कडक अशी संस्था. तिथे बारावीच्या परीक्षेआधीच एक फेरी व्हायची. त्या फेरीत निवड झाली तर शिकणं, राहणं, जेवणखाण सगळं संस्थेचं. नंतरच्या फेरीत गेलात तर सगळा खर्च आपला. म्हणजे घाडीगावकरांच्या मुलीला ही पहिली फेरीच काय ती होती. नाहीतर इथलंच बीएस्सी, आणि लक्ष्मीने हॉस्पिटलातल्या मेट्रनच्या कानावर घालून ठेवलेली लॅब टेक्निशियनची जागा.

"तू तिथे पाहिजेस," सर म्हणाले. "मी नाही गेलो. तू जा."

"तुम्ही अर्ज केला होता सर?"

"अभ्यास कर."

अर्जासोबत एका शिक्षकाचं शिफारसपत्र लागत होतं, ज्याने मुलाला जवळून पाहिलंय अशा शिक्षकाचं. कुठल्याही भारतीय भाषेत चालणार होतं. सरांनी ते दिवाळीच्या सुट्टीत लिहिलं, आपल्या टपोऱ्या अक्षरात, कुठे खाडाखोड नाही. कॉम्प्युटरशी त्यांचं पटत नसे. पाकीट तिच्या हातात देऊन म्हणाले, "तूच टाइप करून अर्जात चढव ते. वाचलंस तरी हरकत नाही, चांगलंच लिहिलंय."

अर्ज करणाऱ्या मुलांना संस्थेने तिथलाच एकेक मोठा विद्यार्थी मदतीला नेमून दिला होता. दर्शनाच्या वाट्याला आली ऋग्वेदा. दुसऱ्या वर्षाला, दादरच्या हिंदू कॉलनीतली, दिवाळीला घरी आलेली. ती म्हणाली, फोनवर कशाला, घरीच ये.

घर म्हणजे काय, पुस्तकांमध्ये थोडी माणसांना जागा ठेवली होती. जेवणाच्या टेबलावर चिवडा होता, आणि ऋग्वेदाचे बाबा, यतीन, पेपर वाचता वाचता काहीतरी म्हणाले. कुठल्याशा पुलाबद्दल.

"बाबा, तू साफ चुकतोयस," ऋग्वेदा तोंडात चिवडा असताना म्हणाली.

"सिद्ध कर."

"तू आधी तुझं सिद्ध कर. विधान तुझं आहे."

"बरं. हरलो. चहा टाकू का तुम्हाला?"

दर्शना खुर्चीच्या कडेवर बसली होती. बापाला तू म्हणतात, ते ती सिरियलमध्ये ऐकून होती. पण बापाला चुकतोयस म्हणायचं आणि वर बापाने उठून चहा टाकायचा, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं. आता कोणीतरी कोणाला तरी ओरडेल म्हणून ती वाट बघत राहिली. कोणी ओरडलं नाही. चहात आलं होतं.

ऋग्वेदाने पत्र वाचायला घेतलं. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला.

"हे काय लिहिलंय? 'कुमारी दर्शना ही अत्यंत शांत, विनयशील व आज्ञाधारक विद्यार्थिनी असून ती शिक्षकांना कधीही उलट प्रश्न विचारत नाही.' हे शिफारसपत्र आहे की स्थळाचं पत्र? गृहकृत्यदक्ष तेवढं राहिलंय."

"सरांनी चांगलं म्हणून लिहिलंय."

"मला कळतंय. पण तिथे काय वाचतील माहितीये? की या मुलीला जे सांगू ते ही लिहून घेणार. अशी मुलं ते पहिल्या झटक्यात बाजूला काढतात. त्यांना भांडणारी मुलं लागतात गं. तिथे पहिल्या वर्षी आम्हाला मुद्दाम चुकीचं शिकवतात, आम्ही पकडतो का बघायला."

"मी पकडते."

"मग हे कोण आहे?" तिने पत्रावर बोट ठेवलं. "तू टाइप करणारेस ना? एवढं एक वाक्य काढून टाक. कोणाला कळणार नाही."

"सरांच्या सहीखाली?"

"मग त्यांना सांग बदलायला."

"सरांना?" दर्शना म्हणाली. तिचा चहा तसाच राहिला.

घरी तिने आईला सांगून पाहिलं. लक्ष्मी भाकरी थापत होती, ती थांबली. "सरांनी लिवलेला तू बदलूक सांगतलस? त्यांका उलट सांगतलस? दर्शना, त्या माणसान तुका पोरीसारखी बघितल्यान."

गुणाजी ड्युटीला निघाला होता. बूट बांधता बांधता म्हणाला, "काय लिवलंय ता खरा आसा काय?"

"नाही बाबा."

"मग सांग जाऊन."

"तुमी गप ऱ्हवा," लक्ष्मी म्हणाली. "तुमी सांगलात त्येचा काय झाला ता बघतंव आमी रोज गेटवर."

गुणाजीने दुसऱ्या बुटाची लेस बांधली आणि तो गेला.

सुट्टी संपल्यावर दर्शना लॅबमध्ये गेली. सर काचेची नळी पुसत होते. तिने पाकीट टेबलावर ठेवलं आणि एका दमात सांगून टाकलं, मधल्या वाक्याचं.

सर नळी पुसतच राहिले. "या वाक्यात काय वाईट आहे?"

"वाईट नाही, सर."

"हे वाक्य मी प्रत्येकासाठी लिहीत नाही. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मुलांसाठी लिहिलंय मी हे. त्या वाक्यावर पोरं बँकेत लागली, गोदीत लागली. एक रेल्वेत साहेब आहे. पेढे घेऊन आला होता."

"पण सर, ते खरं नाही."

नळी खाली ठेवली गेली. "म्हणजे मी खोटं लिहिलं?"

"मी विचारते ना, सर. रोज विचारते. तुम्हालाच विचारते."

"मला विचारतेस. ते घरातलं झालं. घरातलं कोणी बाहेर सांगतं का?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "तू हट्टी आहेस, तुला कुणाचं पटत नाही, पुस्तकाचंसुद्धा नाही. कधी बोललो मी हे कोणाला? तुझ्या आईला बोललो? स्टाफरूममध्ये बोललो? झाकलं मी. आणि तू म्हणतेस, मी तुझं नुकसान केलं."

"असं नाही म्हटलं मी."

"मग काय लिहू? ही मुलगी उलट बोलते, असं लिहू? माझ्या हाताने, माझ्या सहीने?"

दर्शनाने खाली बघितलं. मग खाली बघूनच म्हणाली, "हो, सर."

त्यांनी टेबलाच्या खणातून कागद काढला आणि तिच्यासमोर उभ्या उभ्या लिहिला. पेन कागदात रुतत होतं. चंद्राचं सगळं लिहिलं. मी तिला वर्गात खाली बसवलं, पण तिचं बरोबर होतं, हेही लिहिलं. 'छापलेलं आहे म्हणून ती मानत नाही, शिक्षकांनी सांगितलं म्हणूनही मानत नाही. माझ्या चुका तिने अनेकदा दाखवल्या आहेत.' शेवटी सही केली आणि कागद तिच्याकडे सरकवला. एखाद्याने पोलिसात जबाब लिहून द्यावा तसा.

"हे टाक. आणि नाही झालं, तर मला सांगायला येऊ नकोस."

तिने तो कागद एक शब्दही न बदलता टाइप केला. वाचून ऋग्वेदा फोनवर म्हणाली, "बाप रे, काय पत्र आहे. तुझे सर ग्रेट आहेत." दर्शनाने ते सरांना सांगितलं असतं. पण त्या दिवसानंतर लॅबला संध्याकाळी कुलूप असायचं.

अर्ज पुढे गेला. मुलाखतीला बोलावणं आलं, गिरगावात, एका जुन्या संस्थेच्या सभागृहात. निवडसमिती मुंबईला येणार होती, आणि मुलाखत इंग्रजीत. ऋग्वेदाने फोनवर तालीम सुरू केली.

"मी प्रोफेसर आहे. मी काहीतरी चुकीचं बोलणार. तू काय म्हणणार?"

"सर, आय डिसअग्री."

"घाबरून नको. खुर्चीत नीट बस आणि म्हण."

"सर, आय डिसअग्री. बिकॉज."

"वा. बिकॉजच्या पुढे तर तू राणी आहेस."

दर्शना गॅलरीत उभी राहून ते घोकायची. वाळत घातलेल्या चादरींना सांगायची, आय डिसअग्री. खालून जाणाऱ्या टेम्पोला सांगायची. शेजारच्या कोंडीरामकाकांनी एकदा गॅलरीतून विचारलं, "कोणाशी भांडतेस गं एवढी?" ती म्हणाली, "कोणाशी नाही काका, इंग्लिश आहे." ते म्हणाले, "मग चालू दे." खरंच त्या भाषेत ते वाक्य तोंडातून असं सुटायचं, जसं काही ते दुसरंच कोणी म्हणतंय, ज्याला आई नाही आणि बाप गेटवर नाही.

"म्हंजे काय गो ता?" लक्ष्मीने विचारलं.

"म्हणजे, मला तसं वाटत नाही."

"आनी मराठीत इचारल्यानी तर काय सांगतलस?"

दर्शनाने तोंड उघडलं. सर, तुमचं चुकतंय, हे वाक्य बाबांचं होतं. सर, मला नाही पटत, हे चाळीत नळावर भांडताना म्हणत. सर, असं नाहीये. हे म्हणून बघितलं तर स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटेल असं ऐकू आलं.

"मराठीत नाही विचारणार," ती म्हणाली.

मुलाखतीच्या दिवशी लक्ष्मीने अर्धी रजा टाकली. लेकीला इस्त्रीचा पांढरा पंजाबी ड्रेस घालायला लावला, वेणी स्वतः घातली आणि सभागृहाबाहेरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसली.

आत टेबलापलीकडे तीन माणसं होती. एक सुती साडीतल्या बाई, एक तरुण दाढीवाला, आणि मध्ये पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ, जे काही बोलत नव्हते. बाईंनी इंग्रजीत सुरुवात केली. दाढीवाल्याने फळ्यावर एक समीकरण लिहिलं आणि मधली एक पायरी बेधडक चुकवून म्हणाला, म्हणजे हे असं येतं.

"सर, आय डिसअग्री," दर्शना म्हणाली.

"व्हाय?"

"बिकॉज." आणि तिने उठून त्याच्या हातातला खडू घेतला. पायरी पुसली, बरोबर लिहिली. दाढीवाला भुवया उंचावून बाईंकडे बघून हसला. दर्शनाने खडू टेबलावर ठेवला. मग ती खुर्चीत येऊन टेकून बसली. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसांसमोर खुर्चीला पाठ टेकून.

मग पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी समोरची पत्राची छापील प्रत उलगडली. "हे मराठीत आहे म्हणून माझ्याकडे आलं," ते मराठीत म्हणाले. "फार सुंदर लिहिलंय तुझ्या सरांनी. चंद्राची गोष्ट मला फार आवडली." त्यांचा आवाज मऊ होता. "इंग्रजीत बोलून दमलीस का? आता आपण आपल्या भाषेत बोलू. पाणी घे, बाळ."

तिने पाणी घेतलं. ग्लास ठेवताना तिची पाठ खुर्चीपासून सुटली.

"हा खडू बघ हं." त्यांनी खडू वर फेकला आणि झेलला. "वर गेला, हळू हळू हळू झाला, अगदी वर एक क्षण थांबला. मग खाली आला. बरोबर?"

"हो, सर."

"तर त्या वरच्या क्षणी, तो थांबलेला असताना, त्याच्यावर कुठलंच बल नाही. म्हणून तर तो थांबला. बरोबर ना, बाळ?"

तिला उत्तर माहीत होतं. बल नसतं तर खडू वर टांगून राहिला असता, खाली आलाच नसता. पृथ्वी त्याला वर जातानाही ओढत असते, खाली येतानाही ओढत असते, एक क्षण सोडत नाही. यावर ती तेंडोलकर सरांशी भांडली असती, टेबलावर हात आपटून. कपाळावर आठी आली. समोर पांढरे केस होते, हसरे डोळे, आणि मान तिच्याकडे जराशी झुकलेली, एखादे आजोबा झुकतात तशी. तिने मनातल्या मनात वाक्य शोधलं. सर, तुमचं. सर, असं. सर, मला.

"हो, सर," ती म्हणाली.

बाईंनी मान वर करून पाहिलं. गृहस्थ थांबले. मग आणखी मऊ आवाजात म्हणाले, "नक्की? नीट विचार करून सांग."

विचार करून सांग, हे घोडपदेवला तेव्हा म्हणतात, जेव्हा तोंड बंद कर असं म्हणायचं असतं.

"नक्की, सर."

त्यांनी पत्राची घडी घातली, होती त्याच घडीवर. "छान," ते म्हणाले. "गोड मुलगी आहेस. ये आता."

बाहेर लक्ष्मी बाकावरून उठली. "काय म्हणाले?"

"मराठीत बोलले."

"बघ. आपलीच माणसा. आनी?"

"मला बाळ म्हणाले. गोड मुलगी म्हणाले."

"मग झाला," लक्ष्मी म्हणाली, आणि गिरगावच्या त्या फुटपाथवर तिने लेकीवरून हात उतरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. "उलट काय बोललंस नाय ना?"

"नाही."

"गुणाची माझी ती." बसस्टॉपपर्यंत ती हसत चालली. दर्शना मागून चालत होती.

उत्तर मेलने आलं. तुमची तयारी वाखाणण्यासारखी आहे, परंतु या फेरीत आपली निवड होऊ शकलेली नाही. लक्ष्मीला ते वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "मग गोड कित्याक म्हणाले?" आणि पुष्कळ वेळ तेच म्हणत राहिली. गुणाजी डबा घेऊन ड्युटीला जाताना लेकीच्या डोक्यावर हात ठेवून गेला.

ऋग्वेदाने फोन केला. "असं कसं? विचारलं काय त्यांनी?"

दर्शनाने खडूचं सांगितलं.

"अगं पण हे तर तुला झोपेत येतं."

"हो."

"मग?"

"त्यांनी बाळ म्हटलं."

"बरं, म्हटलं. मग?"

दर्शना फोन कानाला लावून उभी राहिली. हिंदू कॉलनीतल्या मुलीला हे कसं सांगायचं, ते तिला सुचेना.

"हॅलो?" ऋग्वेदा म्हणाली. "रेंज जातेय का?"

"हो," दर्शना म्हणाली. "रेंज जातेय."

सरांनी येऊ नकोस म्हटलं होतं. तरी ती गेली. लॅब त्या दिवशी उघडी होती. सर कपाटाशी पाठमोरे उभे होते, वळले, आणि तिचा चेहरा बघूनच समजले.

"नाही झालं."

"नाही, सर."

"मला माहीत होतं." ते स्टुलावर बसले. गेल्या काही महिन्यांत ते वाळले होते. "त्या पत्राने घात केला. मी सांगत होतो तुला. असं कोणी लिहितं का आपल्या मुलीबद्दल? मी लिहिलं. रोज रात्री आठवायचं मला. वाटायचं, उठावं आणि ते परत मागवावं." त्यांनी चष्मा काढला. "माझं पहिलं पत्र गेलं असतं, तर तू आज तिथे असतीस. मला माफ कर."

इथे हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं, तर कोणाला काही सांगावं लागलं नसतं. पण माणूस तिच्यासमोर चष्मा हातात धरून बसला होता आणि नसलेली चूक अंगावर घेत होता. पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणासाठी पुन्हा तेच जुनं वाक्य लिहिणार होता.

"नाही, सर," ती म्हणाली. "पत्र त्यांना आवडलं होतं. फार सुंदर आहे म्हणाले."

"मग?"

तिने सगळं सांगितलं. दाढीवाला, समीकरण, हातातून घेतलेला खडू. मग पाणी, बाळ, आणि दुसरा खडू. सर मधेच म्हणाले, "पण बल असतंच की." ती म्हणाली, "असतं." ते म्हणाले, "नसतं तर खाली कसा येईल?" ती म्हणाली, "नाहीच येणार." क्षणभर दोघं पूर्वीसारखी एकमेकांकडे बघत राहिली.

"मग बोलली का नाहीस?"

"ते मोठे होते, सर. चार लोक होते."

ती पुढे म्हणाली, "तुम्ही दुसऱ्या पत्रात लिहिलंत, तशी मी नव्हते. तुमचं पहिलंच बरोबर होतं."

तिला वाटलं, आता ते ओरडतील. निदान काहीतरी फुटेल. पण सरांच्या चेहऱ्यावरचं ओझं हळूहळू उतरत गेलं. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर लावला, तिच्याकडे नीट पाहिलं. किती महिन्यांनी ते हसले.

"बघ," ते म्हणाले. "मी तुला बरोबर ओळखलं होतं. तू तशी नाहीसच मुळी. ते माझं मन मानतच नव्हतं." त्यांच्या आवाजात नुसती सुटका होती. "चांगल्या घरातली मुलगी तू. अशी कशी बोलशील चार लोकांत? जाऊ दे. इथे बीएस्सी कर. मी आहे ना, इथे येऊन माझं डोकं खा."

त्यांनी शिपायाला हाक मारून दोन चहा सांगितले. दर्शना नको म्हणाली, पण इतक्या हळू, की चहा आलाच. सर बशीत ओतून पीत होते आणि उत्साहाने कुठल्या कॉलेजला कोण शिकवतं ते सांगत होते. एका प्राध्यापकांचं नाव त्यांनी चुकीच्या कॉलेजात घातलं. दर्शनाच्या कपाळावर आठी उमटली, आणि तिने तिचा चहा संपवला.